मागचं गेट

झिपरीला माणसाइतकाच वाटा मिळायचा.
पळसाच्या पानांवर अकरा ढीग,
सात माणसांचे, चार कुत्र्यांचे.
बाबा डोळे झाकून पाठमोरा उभा राहायचा
आणि मी बोट ठेवून विचारायचो, हा कोणाचा?
शिडव्याचा.
हा कोणाचा?
झिपरीचा.
मग कोणी बोलायचं नाही, मोठा कोणता न् लहान कोणता.
फक्त काळीज आधीच बाजूला काढलेलं असायचं,
ज्याचा दात पहिला लागला त्या कुत्र्याचं.
बाबा म्हणायचा, भाला काय, कोणीपण मारतो.

येऊरच्या पाड्यावर तेव्हा वीज नव्हती,
पण झिपरीच्या आवाजात सगळं दिसायचं.
ससा असला तर ती बोलायचीच नाही, निघून जायची.
भेकर असलं तर एकदाच, आखूड.
आणि डुक्कर असलं
की घशाच्या पार तळातून,
कोरड्या विहिरीत धोंडा पडावा तसं.
ते ऐकलं की बाबा हळूच सांगायचा,
आपापलं झाड बघून ठेवा.

माघात, चेण्याच्या ओढ्याखाली,
मी सादड्यावर चढलेला,
एकांडा नर वाघुरीपर्यंत आला आणि फिरला.
पुढचं मी वरून पाहिलं. सांगत नाही.
बाबाने पोट शिवलं गोधडीच्या दोऱ्याने,
लाल, कारण तोच होता घरात.
काळीज तिच्यापुढे ठेवलं.
तिने नुसती जीभ लावली, एकदा,
हिशेब मिळाला म्हटल्यासारखी,
आणि मान खाली टाकली.

नंतर खात्याची माणसं आली.
वाघुरी अंगणातच जाळल्या.
कागदावर बाबाचा अंगठा, खाली माझी सही,
चौथीतली, काना-मात्रा नीट असलेली.
गुन्हा आहे तो. मला मान्य आहे.
रानात उरलंय किती, ते मला त्यांच्याहून जास्त माहीत.

आता मी घोडबंदर रोडला, मागच्या गेटला.
भिंतीवर तारा, तारांपलीकडे तेच रान.
रात्री दहाला बाविसाव्या मजल्यावरून ऑस्कर खाली येतो,
निमकर मॅडमचा. बीगल. कान जमिनीला टेकणारे.
वजन वाढलंय म्हणून डॉक्टरने गाजर सांगितलंय.
ते मॅडम मोजून माझ्या खिशात देतात.
एकदा म्हणाल्या, ही मूळची शिकारी जात हं, इंग्लंडची,
पण याला बिचाऱ्याला काही माहीत नाही.
मी म्हटलं, हो का.

काल जनरेटरच्या मागे तो थांबला.
नाक भिंतीला. शेपूट ताठ.
पट्ट्यातून काहीतरी चढत माझ्या कोपरापर्यंत आलं.
आणि त्याने तोंड उघडलं.
भुंकणं नव्हतं ते.
घशाच्या पार तळातून,
त्यालाच नवं, त्यालाच घाबरवणारं,
लांब, लांब.
माझे डोळे झाड शोधायला लागले.
होता एक पाम. कुंडीतला.

भिंतीच्या भोकातून पाहिलं,
मादी होती. मागे पिल्लं, चार, का पाच,
अंगावर पट्टे असलेली.
आमच्या कचऱ्यातलं कलिंगड खाऊन
ती निवांत वर चढत गेली.
माझ्या मुठीत पट्टा होता.
एक बोट सैल झालं होतं. एकच. खरं सांगतो.

खिडक्या पेटल्या. इंटरकॉम वाजला.
कशावर ओरडला तो?
मांजर होतं मॅडम.

त्याला लिफ्टने वर पोचवला.
त्याचे पाय अजून थरथरत होते,
आणि आरशात तो स्वतःकडे बघत नव्हता.

खाली येऊन वही उघडली.
नाव : डुकरीण. सोबत : चार किंवा पाच.
कुठून : मामाभांजे डोंगर.
वेळ : दहा वाजून वीस.
कोणाकडे,
हा रकाना भरता येईना.
सुपरवायझर बघेल म्हणून पान फाडलं,
घडी घालून खिशात टाकलं,
तर हाताला गाजराचा तुकडा लागला.
टेबलावर ठेवला.
हा कोणाचा, विचारलं.
पाठमोरं उभं कोणी नव्हतं.